तबकातील सारखेपणा : फिल्म धुण्याच्या घरगुती कलेचा इतिहास

१

इरई जलाशयाच्या परिसरात, ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेवर वसलेले मोहर्ली हे चंद्रपूर जिल्ह्यातील गाव आज बहुतेकांस ठाऊक आहे ते वाघ पाहावयास जाणाऱ्यांचे प्रवेशद्वार म्हणून. प्रस्तुत लेखकाचे तेथे जाणे झाले ते झाडीबोलीतील शब्दांच्या संग्रहासाठी. शेतीची अवजारे, घराचे भाग, अंगणातील वस्तू यांची नावे टिपून घ्यावयाची आणि प्रत्येक नोंदीस त्या वस्तूचे एक छायाचित्र जोडावयाचे, अशी पद्धत ठरविली होती. सूक्ष्म तपशील टिकून राहावा या हेतूने चार इंच रुंद व पाच इंच लांब अशी शीट फिल्म, म्हणजे फिल्मचे सुटे ताव, वापरली. आणि एका परिचितांच्या घरी, रात्री न्हाणीघराचे दार लावून घेऊन, ते ताव तबकांत धुतले.

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब उभे आहेत. ते गोंड राजांच्या काळचे मानले जातात. खांबांवरून दोर ओढून घंटेच्या नादाने राजाच्या येण्याची वर्दी पुढे पोचविली जात असे, अशी आख्यायिकाही तेथे ऐकावयास मिळते. वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन यांपैकी एका खांबाचे छायाचित्र घेतले. त्याची प्रत काढली तेव्हा खांबाच्या माथ्यापासून खाली उतरत गेलेला एक काळसर पट्टा दिसला. वर्षानुवर्षे दोर घासून दगड झिजावा, तसा तो पट्टा होता. आख्यायिकेस वस्तुनिष्ठ आधार सापडला, अशा समजुतीने लेखकाने त्यावर एक छोटे टिपणही लिहून ठेवले.

ते टिपण प्रसिद्ध झाले नाही, हे भाग्यच म्हणावयाचे. त्याच रात्री धुतलेल्या दुसऱ्या एका तावावर गावातील एका अंगणाचे चित्र होते. त्या चित्रातही तसाच पट्टा होता. मात्र येथे तो मोकळ्या आकाशावर पडला होता. दोन्ही ताव लेपाची बाजू लेपावर येईल अशा रीतीने एकमेकांवर ठेवले, तेव्हा पट्ट्यावर पट्टा बरोबर बसला. उलगडा झाला तो असा. अंधारात एक ताव उलटा पडला होता. पहिल्या काही क्षणांत दोन ओले लेप एकमेकांस चिकटले, आणि चिकटलेल्या जागी डेव्हलपर वेळेवर पोचला नाही. तेवढी जागा निगेटिव्हवर विरळ राहिली व प्रतीवर काळी उमटली. दोराचा दगडाशी काही संबंध असो वा नसो, त्या पट्ट्याशी तो मुळीच नव्हता.

लेखकाच्या हातून झालेली ही चूक येथे सांगावयाचे कारण इतकेच, की जुन्या छायाचित्रांवरून इतिहास लिहिणाऱ्या कोणाच्याही हातून ती होऊ शकते. मूर्तीवरील डाग, भिंतीवरील तडा, शिलालेखातील पुसट अक्षर, यांपैकी काय दगडावर होते आणि काय तबकात उत्पन्न झाले, हे ठरविल्याखेरीज छायाचित्र पुरावा म्हणून वापरता येत नाही. ते ठरविण्यासाठी निगेटिव्ह कशी धुतली जात असे, तिच्यावर सर्वत्र सारखी क्रिया व्हावी म्हणून कोणत्या काळी कोणते उपाय केले जात, हे जाणून घ्यावयास हवे. प्रस्तुत निबंधाचा विषय तोच होय.

२

प्रथम शब्दांविषयी थोडे विवेचन करणे इष्ट ठरेल. पारिभाषिक लेखनात ‘विकासक’, ‘स्थिरीकरण’ असे शब्द आढळतात. परंतु बोलण्यात मराठी माणूस रोल ‘धुवावयास’ देतो आणि फोटो ‘धुऊन’ आणतो. वस्तुतः या एका क्रियापदाने तीन निरनिराळ्या क्रिया झाकल्या जातात. प्रकाश लागलेल्या रौप्यक्षारांपासून काळी चांदी तयार करणे ही पहिली. न बदललेले क्षार हायपोच्या द्रावणात विरघळवून काढणे ही दुसरी. आणि उरलेली रसायने स्वच्छ पाण्याने घालविणे ही तिसरी. यांपैकी तिसरीच खऱ्या अर्थाने धुणे होय. चित्र घडते ते पहिलीत, आणि नेमका तिचाच उल्लेख ‘धुणे’ या शब्दात नाही. धुण्यात मळ जातो, नवे काही उत्पन्न होत नाही. त्यामुळे या कामात विशेष कौशल्य नाही, अशी समजूत या शब्दाने नकळत दृढ होते.

‘तबक’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि अत्तरगुलाबाच्या व पानसुपारीच्या संदर्भात घरोघर रुळला. उथळ, सपाट तळाचे व उभ्या काठाचे भांडे या अर्थाने तो येथे चपखल बसतो. व्यवसायातील लोक ‘ट्रे’ म्हणतात; दोन्ही शब्द चालावेत.

सर्वांत विचार करण्याजोगा शब्द म्हणजे ‘सारखे’. संस्कृत ‘सदृक्ष’, प्राकृत ‘सरिक्ख’ या मार्गाने आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘समान दिसणारे’ असा आहे. पुढे त्यास ‘सतत’ हा दुसरा अर्थ चिकटला. ‘दोघे भाऊ सारखे आहेत’ आणि ‘तो सारखा बोलतो’ ही दोन्ही वाक्ये आपण अडखळल्यावाचून उच्चारतो. खीर करताना ‘सारखी ढवळ’ असे सांगितले जाते, तेव्हा थांबू नकोस आणि सगळीकडे ढवळ, असे दोन्ही अर्थ एकदमच अभिप्रेत असतात. तबकातील फिल्मलाही हाच नियम लागू आहे. लेपाशी टेकलेला डेव्हलपर क्रिया करता करता क्षीण होतो. तो बाजूस सरून ताजा डेव्हलपर तेथे आला पाहिजे, आणि हे तावाच्या प्रत्येक भागावर घडले पाहिजे. सातत्यावाचून समानता येत नाही. तथापि नुसत्या सातत्याने ती येते असेही नाही, हे पुढे दिसून येईल.

३

इ. स. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. तीत काचेवर कलोडियनचा थर ओतावयाचा, तिला रौप्यद्रावणात बुडवावयाचे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाचे आणि ओली असतानाच तिच्यावर क्रिया करावयाची, असा क्रम होता. कलोडियनमध्ये ईथर व मद्यार्क असल्यामुळे थर भराभर सुकतो. म्हणून सगळे काम काही मिनिटांत उरकावे लागे आणि अंधाराचा तंबू छायाचित्रकाराबरोबर हिंडत असे. येथे तबक फारसे उपयोगी नव्हते. एका हाताच्या बोटांवर काच तोलून धरावयाची आणि दुसऱ्या हाताने लोहक्षाराचे द्रावण एका काठाने असे ओतावयाचे, की त्याची लाट न अडखळता पलीकडच्या काठापर्यंत पोचावी. लाट मध्येच थबकली तर तेथे कायमची रेषा उमटे. सारखेपणाचा सारा भार हाताच्या एका हालचालीवर होता.

ही विद्या मुंबईत फार लवकर आली. बाँबे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात भाग घेणाऱ्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक पुढे आले. वैद्यकीचे शिक्षण झालेल्या माणसास तराजू, मापे आणि रसायनांच्या शुद्धतेविषयीची शिस्त आयतीच अवगत होती. नारायण दाजींसारखा वैद्य या नव्या कलेकडे वळला, यात आश्चर्य वाटावयास नको.

रानातील कामाचे उदाहरण मेजर रॉबर्ट गिल यांचे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगविण्यासाठी ते १८४४ पासून तेथे राहिले. त्या प्रतिकृतींपैकी पुष्कळ १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. तथापि गिल यांनी लेण्यांची व वन्य प्राण्यांची छायाचित्रेही घेतली होती, आणि ती जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेली होती. चित्रे जळाली, छायाचित्रे राहिली. अशा वेळी त्या छायाचित्रांतील प्रत्येक छटेस किती मोल येते, हे सांगावयास नको; आणि ती छटा भिंतीची की ओतलेल्या द्रावणाची, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होतो.

४

रिचर्ड लीच मॅडॉक्स याने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या लेपाची कल्पना मांडली, आणि त्या दशकाच्या अखेरीस तयार कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या. छायाचित्रणाच्या घरगुती इतिहासाचा आरंभ येथून धरावयास हरकत नाही. कारण काच आज प्रकाशित करून आठवड्याने, घरी परतल्यावर, सवडीने धुता येऊ लागली. अंधाराचा तंबू मागे पडला आणि घरातील एखादी खोली रात्रीपुरती अंधारखोली झाली. जिलेटिन पाण्याने फुगते व द्रावण सावकाश शोषून घेते. त्यामुळे एका लाटेचे काम संपून कित्येक मिनिटे चालणारे काम सुरू झाले. काच तबकात ठेवावयाची, डेव्हलपर घालावयाचा आणि तबकाचे काठ आळीपाळीने उचलून हेलकावे द्यावयाचे, ही रीत रूढ झाली. आरंभीच्या कोरड्या काचा तांबड्या प्रकाशास जवळजवळ आंधळ्या होत्या. म्हणून तांबड्या दिव्याखाली चित्र उमटताना पाहता येई, आणि कोठे कमी-अधिक होत आहे हे डोळ्यांस दिसे. या काळात सारखेपणाचा राखणदार डोळा होता.

पुराणवस्तूंच्या पाहणीसही कोरड्या काचेने वेग आला. आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तेव्हा मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात मोडत. गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला. वैनगंगेच्या काठचे मार्कंडा, भांदक येथील लेणी, ही स्थळे कनिंगहॅम यांच्या अहवालांतून अभ्यासकांपुढे आली होती. हेन्री कझिन्स यांनी तयार केलेली मध्य प्रांत व वऱ्हाड येथील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पिढीपासून पुराणवस्तूचे वर्णन आणि तिचे छायाचित्र ही जोडी अविभाज्य ठरली.

याच पिढीत एका मराठी घरात फिल्म धुण्याच्या कामास अनपेक्षित महत्त्व आले. धुंडिराज गोविंद फाळके हे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण व मुद्रणाच्या रीती शिकले. पुढे गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि काही काळ पुरातत्त्व खात्यातही नोकरी केली. म्हणजे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीच काच, तबक आणि हायपो यांच्याशी त्यांचा दीर्घ परिचय होता. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते इंग्लंडास गेले आणि कॅमेरा, छिद्रे पाडण्याचे यंत्र व कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून परतले. कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. ती घरीच, अंधारात पाडावी लागत. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतले. रसायने मिसळणे आणि फिल्म धुणे यांतही त्यांचा वाटा होता. दादरच्या त्यांच्या घरी स्वयंपाक, मुलांचे पालनपोषण, कंपनीतील माणसांचे जेवणखाण आणि अंधारखोली हे सर्व एका छपराखाली चालले होते.

भांडवल उभे करण्यासाठी फाळक्यांनी प्रथम एका रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपट तयार केला. अंकुराची वाढ दिवसांमागून दिवस एकेका चौकटीत टिपलेली, आणि पडद्यावर ती काही क्षणांत घडावयाची. अशा पट्टीत क्रियेचा असमतोल लपून राहू शकत नाही. स्थिर चित्रात एखादा फिकट डाग खपून जाईल. परंतु चित्रपटात एका चौकटीची घनता पुढच्या चौकटीहून वेगळी झाली, की पडद्यावरचा उजेड लुकलुकतो आणि प्रेक्षकास तो तत्काळ जाणवतो. ‘राजा हरिश्चंद्र’ हा सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांपुढे आला. इतकी लांबी घरगुती साधनांनी पाहण्याजोग्या सारखेपणाने धुतली गेली, ही गोष्ट कथावस्तूइतकीच नोंद घेण्यासारखी आहे. आपल्या चित्रपटेतिहासांत दिग्दर्शक, नट व कथा यांची चर्चा विस्ताराने येते. अंधारखोलीतील श्रम एखाद्या वाक्यात आटोपले जातात. ‘धुणे’ या शब्दाने जे झाकले, ते इतिहासकारांनीही झाकलेलेच ठेवले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

५

यानंतरचा बदल अधिक खोलवर झाला. हर्टर व ड्रिफील्ड या दोघा संशोधकांनी १८९० मध्ये प्रकाश, काळ आणि निगेटिव्हची घनता यांचा संबंध मोजून दाखविला. त्याच दशकात आल्फ्रेड वॉटकिन्स याने, चित्राची पहिली चाहूल किती सेकंदांनी लागते यावरून धुण्याचा एकूण काळ ठरविण्याची रीत सांगितली. मेटॉल हे द्रव्य १८९१ मध्ये आले, आणि हायड्रोक्विनोनशी त्याचा संयोग पुढे सर्वत्र रूढ झाला. कलेतील अंदाजाची जागा हळूहळू मापन घेऊ लागले होते.

डोळ्याचा अधिकार संपला तो पँक्रोमॅटिक लेपामुळे. १८७३ मध्ये फोगेल याने रंगद्रव्ये मिसळून लेपाची ग्रहणशक्ती वाढविता येते असे दाखविले होते. १९०६ मध्ये रॅटन आणि वेनराइट यांच्या सर्व रंगांस संवेदनशील अशा काचा विक्रीस आल्या. निसर्गातील तांबडा रंग अशा काचेवर योग्य छटेत उतरू लागला. परंतु त्याच कारणाने तांबडा दिवा वर्ज्य झाला. आता पूर्ण अंधारात, काहीही न पाहता, घड्याळ व तापमापक यांच्या भरवशावर काम करावे लागले. दुसरीकडे, १८८८ मध्ये कार्बट याने सेल्युलॉइडच्या तावांवर लेप देऊन विक्री सुरू केली होती. काचेची जागा पुढे या हलक्या तावांनी घेतली. काच जड असते व तळाशी स्थिर राहते; ताव तरंगतात, वळतात, एकमेकांस चिकटतात. म्हणजे पाहण्याची सोय गेली त्याच काळात धुण्याची वस्तूही अधिक चंचल झाली.

या अडचणीवर उत्पादकांनी काढलेला एक उपाय लहान पण विलक्षण उपयुक्त आहे. शीट फिल्मच्या एका कोपऱ्याजवळ काठास खाचा पाडलेल्या असतात. ताव उभा धरून त्या खाचा वरच्या काठावर उजव्या अंगास आल्या, की लेपाची बाजू आपल्याकडे आहे असे समजावे. खाचांच्या आकारावरून फिल्मचा प्रकारही ओळखता येतो. डोळ्याचे काम बोटांवर सोपविण्याची ही लिपीच होय. मोहर्लीच्या त्या रात्री लेखकाने ही लिपी वाचण्यात हयगय केली, आणि दगडावर नसलेला दोर पाहिला.

६

पुढील डिसेंबरात लेखक पुन्हा मोहर्लीस गेला. त्याच खांबाचे छायाचित्र त्याच बाजूने घेतले आणि त्याच घरी धुतले. या वेळी पाळलेली शिस्त येथे कारणांसह नोंदवितो. जुन्या निगेटिव्हवरील दोषांचा अर्थ लावण्यास ती कारणेच उपयोगी पडतात.

ऋतू बदलला हे पहिले. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो, आणि बहुतेक डेव्हलपरांचे काळ २० अंशांस बेतलेले असतात. द्रावण ऊन असले की क्रिया वेगाने होते. काळ पाच मिनिटांच्या आत आला, तर पहिल्या काही सेकंदांतील विलंब मोठा ठरतो आणि असमानता वाढते. शिवाय ऊन पाण्यात जिलेटिन मऊ पडून ओरखडते. जुने छायाचित्रकार अशा वेळी तुरटीच्या वर्गातील द्रव्यांनी लेप कठीण करीत आणि पहाटेची वेळ साधीत. आमच्याकडे माठाचे पाणी होते. एका मोठ्या परातीत ते घालून तीत डेव्हलपरचे तबक ठेवले. तापमान तेवढ्याने स्थिर राहिले. डेव्हलपरसाठी तांब्यापितळेचे भांडे मात्र वापरू नये. तांब्याचा अंश द्रावण बिघडवितो.

दुसरे, तबक तावाहून मोठे घेतले. चार गुणिले पाच इंचांच्या तावास आठ गुणिले दहा इंचांचे तबक बरे. काठाजवळ लाट आपटून उलटते आणि तेथे द्रावणाचा वेग अधिक असतो. ताव काठास भिडलेला असेल तर त्याच्या कडा अधिक घन होतात व प्रतीवर फिकट दिसतात. तबक मोठे व द्रावण भरपूर असले म्हणजे हा दोष ओसरतो.

तिसरे, सर्व ताव प्रथम साध्या पाण्यात भिजविले. एकेक करून, लेपाची बाजू वर ठेवून, आधीचा पूर्ण ओला झाल्यावर पुढचा. कोरडा ताव कोरड्यावर किंवा अर्धवट ओल्यावर पडला की चिकटतो. पूर्ण भिजलेले ताव एकमेकांवरून घसरतात. भिजण्याचा आणखी एक लाभ असा, की लेपावर हवेचे बुडबुडे राहत नाहीत. बुडबुड्याखाली डेव्हलपर पोचत नाही आणि निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका राहतो. प्रतीवर तो काळा होतो.

चौथे, डेव्हलपरमध्ये सहा तावांची चळत ठेवून तळचा ताव काढून वर ठेवावयाचा आणि हलक्या हाताने दाबावयाचा, असा क्रम चालविला. प्रत्येक तावास सुमारे पाच सेकंद, म्हणजे अर्ध्या मिनिटात सहाही तावांची पाळी येते. पहिल्या मिनिटात हात विशेष चपळ हवा, कारण पट्टे पडतात ते बहुधा तेव्हाच. चळतीची एक फेरी झाली की सर्व ताव पाव वळणाने फिरवावयाचे. येथेच ‘सारखे’ शब्दाचे दोन अर्थ एकमेकांपासून फुटतात. एकाच दिशेने, एकाच लयीत दिलेला हेलकावा सतत असला तरी समान नसतो. द्रावण ठराविक वाटांनीच वाहते आणि त्या वाटा निगेटिव्हवर उमटतात. तबक डावीकडून, मग आपल्या बाजूने, मग उजवीकडून, मग समोरून उचलावे. लय मोडावी, काम थांबवू नये. नवशिक्याने मात्र एका तबकात एकच ताव धुवावा. वेळ अधिक जातो, पण चिकटण्याचे व नखाने ओरखडण्याचे भय राहत नाही.

पुढे सौम्य अॅसेटिक आम्लात क्रिया थांबविणे, हायपोत स्थिर करणे आणि भरपूर पाण्याने धुणे, हे सर्व नेहमीप्रमाणे. दिवा लावून ताव उजेडासमोर धरला. खांबावर दगडाचा खडबडीतपणा होता, शेवाळाच्या छटा होत्या. तो पट्टा नव्हता.

७

या विवेचनाचे तात्पर्य इतिहासाच्या अभ्यासकास कोठवर उपयोगी पडते, हे एका गंभीर उदाहरणाने पाहता येईल. १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी तेथे जाऊन छायाचित्रे घेतली. बागेच्या भिंतींवरील गोळ्यांच्या खुणांकडे बोट दाखविणारी माणसे त्यांत दिसतात. कागदावर गोळीची खूण म्हणजे एक काळा ठिपका. हवेच्या बुडबुड्याने उत्पन्न होणारा दोष म्हणजेही काळा ठिपकाच. केवळ आकारावरून एखादा आक्षेपक दोहोंत घोटाळा करू शकेल. परंतु चौकटीत उभ्या असलेल्या माणसाचे बोट त्या जागी टेकलेले आहे. ठिपका भिंतीवर होता याची साक्ष त्याच क्षणी, त्याच निगेटिव्हवर नोंदली गेली आहे. तबकात काहीही झाले असते तरी बोट आणि खूण यांचा मेळ तबक घडवू शकत नाही. पुराव्याची ही रचना अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे : ज्या तपशिलावर निष्कर्ष उभा करावयाचा, त्यास चौकटीतच दुसरा साक्षीदार असावा.

असा साक्षीदार नसेल तेव्हा काय करावे? मुद्रित प्रतीवर विसंबू नये. शक्य तर मूळ निगेटिव्ह पाहावी. संशयास्पद खूण वस्तूच्या कडेपाशी थांबते की तिला ओलांडून आकाशात अथवा जमिनीवर जाते, हे तपासावे. वस्तूवरील खूण वस्तूची सीमा सोडीत नाही, तबकातील दोषास ती सीमा ठाऊक नसते. त्याच प्रसंगी धुतलेल्या इतर निगेटिव्ह शेजारी मांडाव्यात. एकच आकार भिन्न विषयांवर आढळला तर तो विषयाचा नव्हे. कडा मध्यभागापेक्षा घन असतील तर हेलकाव्याचा दोष समजावा. आणि एका छायाचित्रापेक्षा दोन बरी. शक्य असेल तेथे निरनिराळ्या दिवशी घेतलेली.

आपल्या विभागातही क्षेत्रकार्यातून आलेली छायाचित्रे साठत आहेत. बोलणाऱ्याचे वय, गाव, तारीख यांची नोंद आपण कसोशीने करतो; छायाचित्र कोणी, कोठे व कसे धुतले किंवा संगणकावर त्यावर कोणते संस्कार केले, याची नोंद क्वचितच होते. चित्राची छटा बदलण्याची शक्ती आज तबकातून संगणकात गेली आहे. प्रश्न पूर्वीचाच आहे. ही नोंद प्रत्येक छायाचित्राबरोबर ठेवावी, अशी सूचना लेखक नम्रपणे करू इच्छितो. तीत धुणाऱ्याचे नावही असावे. सरस्वतीबाईंच्या वाट्यास आलेली उपेक्षा पुढे कोणाच्या वाट्यास येऊ नये.

मोहर्लीच्या खांबांवरून दोर जात होता की नाही, हा प्रश्न अद्याप खुला आहे. त्याचा निर्णय खांबांची मोजमापे, त्यांतील अंतरे, कागदपत्रे आणि गावातील वृद्धांच्या स्मृती यांवरून व्हावयाचा आहे. लेखकाजवळ आता त्या खांबाच्या दोन निगेटिव्ह आहेत. पट्टा असलेली त्याने फेकून दिलेली नाही. ती दुसरीच्या शेजारी, लिहून ठेवलेल्या त्या टिपणासह, एकाच पाकिटात ठेवली आहे. वर्गात ती तिन्ही एकत्र दाखविली, म्हणजे वरील विवेचनापैकी बराचसा भाग सांगावा लागत नाही.